अजिंकूरच्या आधी श्रूजबरी
इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलेल्या १४१५ च्या अजिंकूरच्या लढाईबद्दल, तिथल्या चिखलाबद्दल सगळे बोलतात. पण इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री तिथवर पोचला हेच नवल. १४०३ मध्ये श्रूजबरीच्या लढाईत, मिसरूड फुटायच्या वयात, त्याच्या चेहऱ्यात बाण घुसला. काडी निघाली, टोक मात्र सहा इंच आत हाडात रुतून बसलं. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने खास स्क्रूचा चिमटा घडवला, मध लावलेल्या काड्यांनी जखम हळूहळू रुंद केली आणि टोक हलवत हलवत उपसलं. आजच्यासारखी भूल कुठली तेव्हा! एवढं सोसलेला गडी १४२२ मध्ये गेला तो बहुधा हगवणीने. आणखी दोन महिने जगता तर त्याला फ्रेंच राजाचा वारस ठरवणाऱ्या त्र्वाच्या (Troyes) तहानुसार फ्रान्सचं तख्तही त्याचंच होतं. गादी आली नऊ महिन्यांच्या पोराकडे.