मदत हवी आहे: सॅन होजे सोडून डॅलसकडे घर घ्यावं का?

मंडळी, सॅन होजेत साध्या तीन बेडरूमच्या घरालाही १० लाख डॉलरच्या वर मोजावे लागतात. डॅलसजवळ प्लेनोत जवळपास निम्म्यात ऐसपैस घर मिळतंय. नवरा एका पायावर तयार, मी साशंक!

टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, पण प्रॉपर्टी टॅक्स २ टक्क्यांच्या आसपास. कॅलिफोर्नियात करासाठी धरलेली किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही, टेक्सासमध्ये राहत्या घरालाही ती मर्यादा १० टक्के. शिवाय गारपिटीमुळे विमा महाग. टेक्सासमधल्याच ऑस्टिनमध्ये घरांच्या किमती २०२२ नंतर उतरल्या, तेही डोक्यात आहेच.

तिकडे गेलेल्यांनी सांगा: कर, विमा, विजेचं बिल धरून महिन्याला खरंच किती वाचतं? आणि कर वाढल्यावर प्रोटेस्ट केल्याचा, म्हणजे करासाठी धरलेल्या किमतीवर हरकत घेतल्याचा, उपयोग होतो का?