तबेल्यातून घोडी काढायची हाय, मालक सोडंना. काय करावं?

आखाड्यावरचा (नांदेड)

नमस्कार मंडळी, जरा लांबडं होणार हाय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

दोन वर्षांखाली माळेगावच्या यात्रेतून एक घोडी घेतली. कुमैत रंगाची, चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा, नाव सखू. वरातीसाठी नाही बरं का, लहानपणापासूनचा नाद. आमचं घर नांदेडात दोन खोल्यांचं, तिथं घोडी कुठं बांधणार, म्हणून शहराबाहेर एका ओळखीच्याच्या तबेल्यात ठेवली. मालक माझ्या वडलांच्या जुन्या बैठकीतले, आम्ही त्यांना अप्पाच म्हणतो. महिन्याला ७ हजार ठरले, त्यात चंदी (घोड्याचा दाणा), कडबा, खरारा (अंग घासणं), रोज फिरवणं सगळं आलं. लेखी काहीच नाही. अप्पाकडून लेखी घ्यायचं म्हणलो असतो तर वडलांनी जोडा काढला असता.

पहिलं वर्ष एक नंबर गेलं. मग तिथला गडी काम सोडून गेला अन् सगळं बिघडलं. चंदीतला हरभरा कमी कमी होत गेला, नुसता भुसा राहिला, नालबंद दोन दोन महिने येईना, खूर वाढून पुढून फाटूलाले. मी विचारलं की अप्पा म्हणायचे अरे उन्हाळ्यात जनावर वाळतंच. तेही चालवून घेतलं. पण गेल्या लगीनसराईत एका दोस्ताच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर वरात बघूलालो, डीजेपुढं एक घोडी नाचूलाली, मखमली झूल, डोक्यावर तुरा, आधी ओळखलीच नाही, अन् मग पाय दिसले. सखू!! मला न विचारता भाड्यानं लावली होती. अन् ती गाभण हाय हो. अप्पाच्याच घोड्यापासून, आता सहावा महिना चालू हाय.

मी गेलो, शांतपणेच म्हणलो की अप्पा, मामाच्या आखाड्यावर (शेतावर) जागा झालीय, पुढच्या महिन्यात घोडी न्यावी म्हणतो. तर ते म्हणाले निम्मं शिंगरू माझं हाय, घोडी वील्याशिवाय हलणार नाही, अन् न्यायचीच आसंल तर मागच्या खुराकाचे ४० हजार ठेव. कुठले ४० हजार? एक महिना सोडला तर दर महिन्याला दिलेत मी, निम्मे रोख निम्मे फोनपेवर. खोगीर, लगाम, लसीचं कार्ड सगळं त्यांच्याकडंच. अन् बोलणं झाल्यापासून सखूला पार कोपऱ्यात बांधलंय, तिथं वारं पण येत नाही.

वडील म्हणतात संबंध बिघडवू नको. मला पण भांडायचं नाही. पण घोडी सुखरूप बाहेर कशी काढू? कुणाला अनुभव असंल तर सांगा.

---

वरातवाला (परभणी)

बाळा, माझ्या घरी तीन पिढ्या घोडी हायत, वरातीवरच पोट हाय, म्हणून आधी एक सांगतो. गाभण घोडी डीजेपुढं नेणारा माणूस आमच्या धंद्यात पण कुणी चांगला समजत नाही. असो.

तुझी चूक एकच झाली, जागा झाली म्हणून सांगितलंस पण घोडी बाहेर काढायची तयारी केली नव्हतीस. आधी तयारी, मग तोंड उघडायचं. आता उघडलंच हाय तर इथून पुढं रोज तबेल्यात जा. रोज म्हणजे रोज. भांडायला नाही, घोडीला गूळ घेऊन जा, मान खाजव, अन् जाता येता बरगड्यांचा, खुरांचा, पाण्याच्या टाकीचा फोटो काढ. मालक रोज येऊलालाय म्हणल्यावर गडी पण दोन पसे चंदी जास्त टाकतो, हे मी स्वतः बघितलेलं हाय.

दुसरं म्हणजे सरकारी पशुवैद्यकाकडून तपासणी करून प्रमाणपत्र घे. गाडीतून जनावर न्यायला ते लागतंच, १९७८ चे वाहतुकीचे नियम हायत. ग्लँडर्सची रक्त तपासणी पण आत्ताच सांगून ठेव, नमुना पार हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातो, आठवडे जातात. तुझ्या मामाच्या शेजारी कुणाचं घोडं, गाढव, खेचर असंल तर तो आधी हेच विचारणार, कारण त्या रोगाला औषध करत नाहीत, जनावर मारावं लागतं, अन् तो माणसाला पण होतो. डॉक्टर येतील तेव्हा त्यांच्याच हातून घोडीची तब्येत कागदावर लिहून घे. अप्पाला काय म्हणायचं? गाभण हाय म्हणून डॉक्टर दाखवतो. खोटं काहीच नाही त्यात.

सहाव्या महिन्यात हलवायला हरकत नाही. घोडी अकरा महिन्याला विते, म्हणजे अजून पाच महिने हातात हायत, पण अप्पाचं ऐकून दिवस भरत आणलेस तर मग मात्र हलवू नको, रस्त्यात काही झालं तर घोडी पण जाती अन् शिंगरू पण. छोटा हत्ती करू नको, त्यात घोडी मावत नाही. पिकअप कर, बाजूनं उंच फळ्या असलेली. तळाला वाळू टाक, वर पोतं नाहीतर पाचट, नाहीतर नाल घसरते. पहाटे पाचला भर, उन्हाच्या आत पोच. अन् रात्रीतून चोरून आणायचं डोक्यात असंल तर काढून टाक, उद्या तूच चोर ठरशील.

---

काळा कोट (लातूर)

मी वकिली करते, घोड्यातलं काही कळत नाही पण कायद्यातलं सांगते, कारण या प्रश्नात कायदा गंमतशीररीत्या तुमच्या बाजूने आहे.

तुम्ही घोडी सांभाळायला दिली, याला करार कायद्यात 'निक्षेप' म्हणतात, १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १४८ पासून आहे. लेखी नसलं तरी करार तोंडी होतोच, दर महिन्याचे फोनपे हाच पुरावा. आता गंमत बघा. कलम १५३ म्हणतं की वस्तू ठेवून घेणाऱ्याने ठरल्याच्या विरुद्ध वापर केला तर मालक तिथंच व्यवहार संपवू शकतो, आणि कायद्यातलं उदाहरणच घोड्याचं आहे, बसायला भाड्याने दिलेला घोडा समोरच्याने गाडीला जुंपला. कलम १५४ मध्ये पण घोडाच, विनापरवाना वापरात जनावराला इजा झाली तर भरपाई, मग कितीही काळजीपूर्वक वापरलं असलं तरी. तुमची वरात यात तंतोतंत बसते. तो स्टेटसचा व्हिडिओ दोस्ताकडून मूळ फाइल म्हणून मागून घ्या, स्क्रीनशॉटवर राहू नका.

शिंगराचं: कलम १६३. गाय सांभाळायला दिली आणि ती व्याली तर वासरू मूळ मालकाचं, हे उदाहरण कायद्यातच छापलेलं आहे. फक्त 'वेगळं काही ठरलं नसेल तर' अशी अट आहे. म्हणून मला आधी हे सांगा की घोडी त्यांच्या घोड्याला लावताना अप्पांशी काय बोलणं झालं होतं? आपल्याकडे गाई-म्हशी निम्म्याने देतात, तसं काही तोंडून गेलंय का? गेलं असेल तर गोष्ट वेगळी.

पैशाचं: कलम १७० प्रमाणे ज्याने वस्तूवर मेहनत किंवा कसब लावलं त्याला त्याची मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. घोडा शिकवणाऱ्याला हा हक्क मिळतो, नुसतं चारापाणी करणाऱ्याला नाही, असे जुने इंग्लिश निकाल आहेत. पण तुम्ही त्या वादात पडू नका. खरंच जेवढं देणं आहे तेवढं आजच्या आज ऑनलाइन पाठवा, खाली 'अमुक महिन्याचा घोडीचा खुराक, बाकी नाही' असं लिहून. मग अडवायला कारणच उरत नाही. मागणी करूनही परत दिली नाही तर त्या दिवसापासून घोडीला जे होईल त्याची जबाबदारी त्यांची, कलम १६१. म्हणून मागणी लेखी हवी, व्हॉट्सॲपवर साधा नम्र मेसेज पण चालेल, तारीख टाकून.

पोलिसात जायची घाई नको. विश्वासघाताचं कलम आहे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१६, पण ठाण्यात 'दिवाणी मॅटर आहे' म्हणून परत पाठवतील आणि तोवर अप्पा कायमचे दुखावतील.

---

पागावाला (बीड)

आता मपली बाजू पण ऐका, कारण मपला बी तबेला हाय अन् इथं सगळे तबेलेवाल्याला राक्षस करून बसलेत.

७ हजारात खुराक, खरारा, गडी? भाऊ, कडब्याचा भाव बघितला का? दुष्काळात पेंडी मिळंना झाली की आम्ही आमच्या बैलांचं काढून तुमच्या घोड्याला टाकतो. अन् नादवाले लोक कसे असतात सांगू, पहिले तीन महिने दर रविवारी घोडा, सोमवारी स्टोरी, चौथ्या महिन्यापासून फोन बंद. मपल्याकडं एक घोडं दीड वर्ष बिनपैशाचं उभं होतं, ना मालक येई ना विकता येई, खायला तर रोजच लागायचं. आम्ही कुणाच्या दारात जावं?

तरी बी वरातीला लावली ते चूकच, लै चूक. ते मी झाकणार नाही. पण घोडी गाभण राहायला अप्पाचा घोडा लावल्याचे पैसे दिले होते का तुम्ही? चांगल्या घोड्याचं लावणं फुकट नसतं. अप्पाला निम्मं शिंगरू म्हणायचंय ते बहुतेक त्या लावण्याच्या बदल्यात. तेवढं आधी मिटवा अन् बघा सूर बदलतो का नाही. अन् एक महिना आधी सांगितलं तसा त्या महिन्याचा पूर्ण खुराक द्या, घोडी पाच तारखेला नेली तरी. त्यांनी वैरण भरून ठेवलेली असते.

---

मृद्गंध (छ. संभाजीनगर)

माझी मावसबहीण इंग्लंडात असते, तिच्याकडून ऐकलेलं सांगते. तिकडे अशा तबेल्याला लिव्हरी यार्ड म्हणतात आणि तिकडेही हेच रडगाणं आहे 😄 फुल, पार्ट आणि 'स्वतःचं स्वतः करा' असे प्रकार असतात आणि सोडताना साधारण महिन्याची लेखी नोटीस देतात. तिची यार्डवाली बाई नोटीस मिळाल्या दिवसापासून बोलायचीच बंद झाली, घोड्याचं पांघरूण हरवलं, चारा दुसऱ्याच घोड्याला. तिने शेवटी दोन मैत्रिणी सोबत नेल्या, आधी सगळं सामान एका दिवशी गुपचूप घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी घोडा. सामान आधी, घोडा नंतर, हे तिचं मला पटलं. घोडा बाहेर काढल्यावर सामानासाठी परत त्या दारात जायला नको वाटतं.

---

आखाड्यावरचा (नांदेड)

सगळ्यांचे आभार. पागावाले दादा, तुमचं बोलणं टोचलं पण खरं निघालं. घोडा लावल्याचे पैसे मी दिलेच नव्हते. अप्पा तेव्हा म्हणाले होते "राहू दे रे, घरचंच हाय", मी आपलं खरंच धरून बसलो. वकील ताई, निम्म्याचं काही बोलणं झालं नव्हतं, "राहू दे" एवढंच.

तर झालं काय ते सांगतो. ताईंनी सांगितल्यासारखं व्हॉट्सॲपवर लिहिलं, राहिलेला एक महिना अन् चालू महिना असे १४ हजार पाठवले, खाली तसंच लिहून. दोन दिवस निळ्या टिका नुसत्या, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना नेलं, त्यांनी घोडी अशक्त हाय, खुराक वाढवा असं कागदावर लिहिलं, ते अप्पांसमोरच वाचून दाखवलं. अप्पा काही बोलले नाहीत पण संध्याकाळी गड्यानं सखूला कोपऱ्यातून काढून परत लिंबाखाली बांधलं. रक्ताचा रिपोर्ट यायला मात्र बरेच दिवस गेले, तोवर रोज जात राहिलो, गूळ घेऊन.

खरं काम वडलांनी केलं. मला वाटत होतं ते माझ्याच विरुद्ध हायत. मी त्यांना तो वरातीचा व्हिडिओ दाखवला, दाखवायला नको म्हणून इतके दिवस लपवला होता. त्यांनी दोनदा बघितला. काही न बोलता धोतर बदललं अन् एकटेच गेले. काय बोलले ते आजपर्यंत सांगितलं नाही. आल्यावर एवढंच म्हणाले, घोडा लावल्याचे ११ हजार अन् अप्पाला एक फेटा, शिंगरू आपलं, रविवारी पहाटे गाडी लाव.

गाडी लावली. पिकअप, वाळू, पोती, सगळं परभणीच्या काकांनी सांगितल्यासारखं. सखू चढंना, अर्धा तास. शेवटी अप्पाच आले, मोरखी धरली, कानात काहीतरी बोलले अन् ती चढली. मला कसंतरीच झालं हो. माणूस वाईट नाही, पण घोडी परत त्यांच्याकडं ठेवणार नाही.

लगाम अन् कार्ड मिळालं. खोगीर नाही मिळालं, "सापडंना" म्हणाले. जाऊ दे.

आता मामाच्या आखाड्यावर हाय, लोह्याकडं. मामानं खास तिच्यासाठी लसूणघास लावलाय, लई हिरवागार आलाय, आजपासून पोटभर देऊ का?

---

वरातवाला (परभणी)

नको नको नको. थांब. घोड्याला ओकता येत नाही, खुराक एकदम बदलला की थेट पोटशूळ, अन् गाभणीला तर नकोच. अप्पाकडून चार-पाच पेंड्या त्यांच्याच कडब्याच्या आणल्या असशील तर तोच चालू ठेव, नसशील आणल्या तर माणूस पाठवून आण, पैसे देऊन आण. त्यात रोज मूठभर घास वाढवत वाढवत आठ-दहा दिवसांनी पुऱ्यावर ये. घास कापून थोडा सुकवूनच टाक, दहिवरातला ओला नको. पोटाकडं वळून बघूलाली, पाय मारूलाली, सारखी लोळूलाली, लीद बंद झाली तर फोटो टाकत बसू नको, डॉक्टरला फोन कर.

अन् खोगिराचं राहू दे. गाभण हाय, तसंही वर्षभर तिच्यावर बसायचं नाही तुला.