मदत हवी आहे: 'ऑल इन द फॅमिली'चा ग्लोरियाच्या प्रेग्नन्सीचा एपिसोड दाखवू का?

मंडळी, जरा सल्ला हवाय. आमचा जुन्या टीव्ही मालिका बघणारा छोटा ग्रुप आहे, यावेळी मी अमेरिकन सिटकॉम घेतलंय आणि माझ्या डोक्यात 'ऑल इन द फॅमिली'चा फेब्रुवारी १९७१ चा एपिसोड आहे, ज्यात ग्लोरियाला दिवस जातात, तिच्या बापाला, आर्चीला, पोटभर कटकट करायला विषय मिळतो आणि शेवटी तिचं मिसकॅरेज होतं. आता बघा, १९५३ मध्ये 'आय लव्ह लूसी'त बाळ जन्मलं ते अख्ख्या अमेरिकेने साजरं केलं, पण बाळ जाणं कॉमेडीत दाखवायचं म्हणजे मालिकेच्या निर्मात्याची, नॉर्मन लिअरची हिंमतच, तेही मालिका जेमतेम महिन्याभराची असताना!

शेवटी आर्ची पोरीच्या खोलीत जातो ना, एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही त्या माणसाला तिथे धड बोलता येत नाही, आर्ची करणारा कॅरल ओ'कॉनर काय ग्रेट आहे हो त्यात.

तर प्रश्न असा की ग्रुपमधल्या एकदोघी या दुःखातून गेल्यात, त्यांना आधी एकेकट्यांना विषय सांगून विचारू, का सरळ सगळ्यांना मेसेज टाकू म्हणजे ज्यांना यायचं नाही त्या कारण न देता टाळतील? आणि आर्चीची वंशभेदी बडबड नवीन माणसाला कशी समजावता तुम्ही? तो विनोद त्याच्यावरच आहे हे आमच्या काकांना पटतच नाही. मराठी सबटायटल्स कुणाकडे असतील तर प्लीज सांगा.