मदत हवी आहे: सीपी प्रत्येक फाइलला विचारत बसतं, एलियस तेवढ्यापुरता बंद कसा करू?

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानातलं कॉम्प्युटरचं काम बघतो. सौदे उरकले की पट्ट्यांच्या पीडीएफ बॅकअप डिस्कवर टाकायच्या असतात. सर्व्हरवर अल्मालिनक्स ८ (लिनक्सचा एक प्रकार), लॉगिन रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं.

अडचण अशी, की डिस्कवर आधीपासून असलेल्या प्रत्येक फाइलला सीपी ही कॉपीची कमांड 'ओव्हरराइट करू का' विचारतं. नुसतं वाय, एंटर, वाय, एंटर. -एफ लावलं तरी विचारतंच. नुसतं 'एलियस' (म्हणजे कमांडच्या नावामागे ठरवून ठेवलेली दुसरी कमांड) टाइप केलं तेव्हा दिसलं, सीपी='सीपी -आय', म्हणजे आधी विचारून मगच कर, आणि एमव्ही (फाइल हलवणं), आरएमचंही (फाइल पुसणं) तेच. आरएमने विचारलेलं मला हवंच आहे, कारण हेच लॉगिन आणखी दोघं वापरतात. फक्त एवढ्या कामापुरतं सीपीनं गप्प बसावं. अनएलियस करून एलियस काढला तर कायमचा जाईल का?

उत्तर १:
दादा, अनएलियस फक्त चालू शेलपुरतं (कमांड टाइप करता त्या चालू सत्रापुरतं) असतं. पुढच्या लॉगिनला रूटच्या .बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलमधून एलियस परत येतो. पण तेवढंही करायला नको. कमांडच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या:

\सीपी -आर पट्ट्या /बॅकअप/

शब्दाला अशी रेघ (कोटिंग) दिसली की बॅश, म्हणजे तुमचं शेल, त्याचा एलियस बघतच नाही. 'कमांड सीपी' लिहिलं तरी चालतं, आणि सीपी नावाचं फंक्शन कुणी करून ठेवलं असेल तर तेही टळतं. रेघेनं फंक्शन टळत नाही.

-एफचा घोळ सगळ्यांचाच होतो. सीपीत -एफ म्हणजे जुनी फाइल लिहायला उघडली नाही तर ती काढून पुन्हा प्रयत्न कर, एवढंच. त्यानं -आय रद्द होत नाही. आरएममध्ये मात्र नंतर आलेलं -एफ आधीच्या -आयवर मात करतं, म्हणजे तुमच्या एलियसच्या भरवशावर कुणी आरएम -आरएफ मारलं तर काही विचारणार नाही. त्या दोघांना आजच सांगून ठेवा.

मूळ लेखक:
चाललं की हो, रेघ दिल्यावर एकदाही विचारलं नाही! हेच क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालायला) स्क्रिप्ट करून टाकलं तर रेघ लागेल का?

उत्तर १:
नाही. बॅश स्क्रिप्टमध्ये एलियस मुळात उलगडतच नाहीत. तिथं रेघेऐवजी -यू लावा, म्हणजे नवी किंवा बदललेली पट्टीच कॉपी होईल. जुन्या पट्ट्या रोज परत लिहायच्या कशाला?