मालवण ते धामापूर तळं: तेरा वर्षांच्या मुलाला सायकलने झेपेल का?

रत्नागिरीची आई:
डिसेंबरात तीन दिवस मालवणला आहोत, मी आणि माझा तेरा वर्षांचा मुलगा. दोघांच्याही गिअरच्या सायकली गाडीवर टाकून आणतोय. किल्ला आणि देवबाग मागच्या खेपेला झालं. या वेळी त्याला झाडीतून जाऊन डोंगरातलं पाणी दाखवायचंय. धामापूर एका सकाळीत होईल का? आणि तळ्याभोवतीच्या रानात चालता येतं का?

पहाटफेरी:
होईल ताई, नक्की होईल. मी मालवणचाच, बहुतेक रविवारी तिथे असतो.

अंतर साधारण १६-१७ किलोमीटर. भरडनाक्यावरून सहाला निघा, तेव्हा अंधार असतो म्हणून पुढचा-मागचा दिवा हवाच. कुंभारमाठपर्यंतचा चढ अंगावर येतो. मुलाला तिथे घाई करू देऊ नका, हलका गिअर टाकून सावकाश चढू दे. वाटेतल्या चौके गावात चहा घ्या. त्यानंतर झाडी रस्त्यावर येते आणि हवा एकदम गार होते. माझा मुलगा लहान असताना दर वेळी तिथेच म्हणायचा, "बाबा, आलं."

सायकली भगवतीच्या देवळाजवळ लावा. देवळाकडून पायऱ्या पाण्यात उतरतात. तिथे अर्धा तास नुसतं बसा, मोबाईलवर गाणी नकोत. काजऱ्याच्या झाडाला फळं असली तर धनेश पक्षी येतो. तो दिसण्याआधी त्याच्या पंखांचा आवाज ऐकू येतो.

रानात पायवाटा आहेत, पण गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या; पाट्या वगैरे काही नाहीत. गावातलं कोणी सोबत असेल तरच आत शिरा. नाहीतर बांधावरून चाला, तेही पुष्कळ आहे. पाण्यात मात्र उतरू नका, खोली काठावरून कळत नाही.

नेरूरपार:
बाय, पहाटफेरींनी सांगितल्यानी ता बरोबर. रस्तो वळणाचो आसा, डंपर येतत, झिलाक डाव्या बाजूनच ठेव. चिऱ्याच्या पायऱ्यांर शेवाळ आसता, डिसेंबरात सुद्धा. मी थयच घसरलंय, मनगट महिनोभर बांधलेला होता. चपला काढून उतरा.

रत्नागिरीची आई:
मनापासून आभार दोघांचे. मुलगा शेजारी बसून वाचतोय. त्याचा प्रश्न: हे तळं आपोआप झालेलं की कोणी बांधलेलं?

पहाटफेरी:
त्याने हे विचारलं याचा फार आनंद झाला. बांधलेलं! १५३० साली, विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी. दोन डोंगरांमधली खिंड मातीच्या बांधाने अडवली, बस. सिमेंट तेव्हा नव्हतंच. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला.

बांध टिकला तो टिकलाच, पण तळं टिकलं ते भोवतीच्या डोंगरांवर रान राहिलं म्हणून. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिलात कितीतरी वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. उतार तीव्र, समुद्र जवळ, पाणी थांबतच नाही. झाडं असली की पाचोळ्याखालची माती ते धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. झाडं गेली तर तोच पाऊस लाल माती घेऊन थेट तळ्यात येईल आणि तळं गाळाने भरत जाईल. माझ्या आजोळी एक लहान तळी अशीच गेली. वरच्या डोंगरावरची झाडं तोडून कलमं लावली, आणि काही वर्षांत जिथे आम्ही डुंबायचो तिथे आता गवत उगवतं.

म्हणून मुलाला देवळाच्या पायरीवर बसवून समोरचे डोंगर दाखवा. पाणी आधी तिथे साठतं, मग तळ्यात येतं.

रत्नागिरीची आई:
त्याने हे वहीत उतरवून घेतलंय. परतीला किती वाजता निघू?

पहाटफेरी:
नऊच्या आत. ऊन चढलं की चौक्यापासून पुढे त्रास होतो. माणशी दोन बाटल्या पाणी घ्या, प्लॅस्टिक परत आणा. आणि निघण्याआधी त्याच्या मागच्या ब्रेकचे रबर बघा, कुंभारमाठचा तोच चढ येताना उतार असतो.