मदत हवी आहे: ढोलकी घरी रेकॉर्ड करताना खर्ज गायब होतोय

नमस्कार मंडळी, आमचा चौघांचा बँड आहे, गिटार, बेस, ढोलकी आणि मी गातो. पहिला अल्बम घरीच करतोय कारण स्टुडिओचं भाडं परवडत नाही. आठ गाणी आहेत. सामान म्हणजे दोन इनपुटचा स्कार्लेट (माइक लॅपटॉपला जोडायचा इंटरफेस), एक एसएम ५७ आणि एक स्वस्तातला कंडेन्सर असे दोन माइक आणि लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, बस.

गिटार, बेस डायरेक्ट (माइकशिवाय, थेट वायरने) घेतो, ते ठीक येतंय. घोडं अडलंय ढोलकीपाशी. ५७ शाईच्या (चढ्या आवाजाच्या) बाजूला लावला, कंडेन्सर खर्जाच्या बाजूला, दोन्ही ट्रॅक वेगवेगळे ऐकले तर मस्त पण एकत्र वाजवले की खर्ज कुठे जातो काय माहीत, मग एका ट्रॅकचा फेज उलटा केला (म्हणजे ध्वनिलहर उलटी केली) तर थोडा परत आला पण शाईचा खणखणीतपणा गेला. माइक मागेपुढे सरकवायचे की रेकॉर्डिंगनंतर दोन्ही ट्रॅकचे वेव्हफॉर्म (स्क्रीनवर दिसणाऱ्या आवाजाच्या लहरी) जुळवायचे?

खोली १० बाय १० ची, भिंतींवर आईच्या गोधड्या टांगल्यात (एका चांगल्या टेकमध्ये तिच्या कुकरची शिट्टी पण आहे), त्याने चरचर कमी झाली पण घुमणं तसंच आहे.

शिवाय ढोलकीवाला क्लिक (कानात लयीची टिकटिक) लावून वाजवायला तयार नाही, म्हणतो हात बांधल्यासारखा होतो, आणि खरंय, क्लिकशिवाय तो जास्त छान वाजवतो. मग आधी ढोलकी मोकळी घेऊन बाकीच्यांनी तिच्यावर वाजवायचं का? कोणी असं केलंय का, पुढे एडिटिंगला किती त्रास झाला?