मानेवाडा-बेसा भागात पहिलीसाठी मनपा, झेडपी की अनुदानित शाळा?

बेसारोडची आई

पोरीला यंदा डिसेंबरच्या आत सहा पूर्ण होतात, म्हणजे जूनमध्ये पहिली. आम्ही नागपुरात मानेवाडा-बेसा रोडला राहतो. मिस्टर बुटीबोरीला शिफ्टमध्ये असतात, तेव्हा सोडणे-आणणे माझ्याकडेच. फी भरून कॉन्व्हेंटला टाकायचे नाही हे आमचे ठरले आहे. नाइलाज म्हणून नाही, पोरीने आधी आपल्या भाषेत नीट वाचावे असे मला मनापासून वाटते.

तीन शाळा पाहून आले. मनपाची शाळा रिंगरोडच्या पलीकडे आहे. मैदान मोठे, वर्ग हवेशीर, पण पहिली ते चौथी मिळून पट चाळीसच्या आसपास. बेसा बाजूची झेडपी शाळा लहान आहे, दोनच शिक्षक. मी गेले तेव्हा बाई पोरांना ओसरीत बसवून चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करायला लावत होत्या आणि एक पोरगा दुसऱ्याचे ढीग मोजून तपासत होता. ते पाहून फार बरे वाटले. तिसरी अनुदानित, नाव मोठे, पण एका तुकडीत पन्नासच्या वर पोरं, आणि ऑफिसात "विकासनिधी" भरावा लागेल असे तोंडी सांगितले.

सासरचे म्हणून राहिले की दोन शिक्षकांच्या शाळेत काय शिकणार पोट्टी. तुलना नेमकी कशावर करायची? ज्यांची लेकरं अशा शाळांत आहेत त्यांनी सांगा.

निवृत्त बाई, हनुमाननगर

ताई, मी मनपाच्या शाळेत पहिली-दुसरीच शिकवली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

दोन शिक्षक हा त्या शाळेचा दोष समजू नका. शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, एकसष्टाव्या मुलापासून तिसरा. म्हणजे तुम्ही पाहिलेल्या मनपा शाळेतही चाळीसच्या पटावर दोघेच असणार, इमारत कितीही मोठी असो. दोन्हीकडे जोडवर्गच आहेत, म्हणजे एकच बाई दोन इयत्ता एकत्र सांभाळतात. मग पाहायचे ते हे, की बाई पहिलीला शिकवतात तेव्हा दुसरीची पोरं काय करतात? त्यांच्यासमोर शब्दपट्ट्या, मणी, वाचायची पुस्तकं असली आणि ती आपापली गुंतलेली असली, तर शिक्षिका कसलेली आहे. पोरं नुसती फळ्यावरचे उतरवत बसली असतील तर तिथे विचार करा.

मधल्या सुट्टीनंतर जा. सकाळी सगळ्याच शाळा छान दिसतात. दुसरीच्या वर्गात मागे बसलेल्या एखाद्या लेकराला पुस्तकाचे मधलेच पान उघडून वाचायला सांगा. पहिला धडा नको, तो पाठ असतो. "चंद्र", "गोष्ट", "स्वच्छ" असे शब्द न अडखळता आले आणि वाचलेले त्याने आपल्या शब्दांत सांगितले, तर निर्धास्त व्हा. पन्नासच्या तुकडीत बाईंना रोज प्रत्येकाचे वाचन ऐकायला वेळच पुरत नाही. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कायद्यात उगाच घातलेले नाही.

आणि चौथीनंतर काय, हे आजच विचारून ठेवा. शाळा चौथीपर्यंतच असेल तर पाचवीला पोरगी कुठे जाणार?

व्यवस्थापन समितीतला बाप

काकूंनी वर्गातले सांगितले, मी बाहेरचे सांगतो. माझा पोरगा झेडपी शाळेत तिसरीला आहे.

ताई, मुलींच्या संडासाला आतून कडी लागते का आणि आत पाणी येते का, हे स्वतः उघडून पाहा. आमच्या शाळेत कडी तुटलेली होती, तर मुली दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आयांनीच विषय लावून धरला आणि कडी लागली. या समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. मुख्याध्यापकांना मागच्या बैठकीचे रजिस्टर दाखवा म्हणा. सह्या एकाच हाताच्या दिसल्या तर समजून जा.

पोषण आहार वाढतात त्या वेळी उभे राहा. खिचडीत डाळ-भाजी दिसते का, हात धुवायला नळ आहे का.

विकासनिधीचे म्हणाल तर प्रवेशासाठी देणगी मागायला कायद्याने बंदी आहे, घेतली तर दहापटीपर्यंत दंड. लेखी मागा, म्हणा. बहुतेक तिथेच विषय संपते.

आणि रिंगरोड! सकाळी तिथून ट्रक कसे धावतात हे तुम्ही रोज पाहताच. सहा वर्षांच्या लेकराला तो रोज दोनदा ओलांडायला लावू नका. माझ्या हिशेबाने हा मुद्दा मैदानापेक्षा मोठा आहे.

त्रिमूर्तीनगर

यूडायस, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी साइटवर शाळेचा पट आणि शिक्षकसंख्या दिसते, घरबसल्या पाहून घ्या. इंग्रजीच हवी असेल तर मनपाच्याही इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, पण तुमच्या घरून लांब पडतील.

बेसारोडची आई

काकू, भाऊ, खूप आभार. मधल्या सुट्टीनंतर झेडपी शाळेत जाऊन आले. दुसरीतल्या एका पोरीने चिमणीची गोष्ट वाचली, "घरट्यात"वर थांबली, बोट ठेवून जोडले आणि पुढे गेली. मग मला सांगते, "काकू, पावसात पिल्लू भिजते, पण त्याची आई येते." बाईंनी मधे एक शब्दही सांगितला नाही. संडासाला कडी आहे, पाणी मात्र बादलीने न्यावे लागते. नळाचे समितीत मांडू असे मुख्याध्यापिका म्हणाल्या, मीही त्या बैठकीला येते म्हटले. शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीसाठी त्याच रस्त्यावर पुढे दुसरी शाळा आहे, ती पाहून घेईन.

सासूबाईंना सोबत नेले होते. आता त्या विरोध करत नाहीत.

नाव तिथेच घालते आहे. बेसा चौकाकडून कोणाची पोरं त्या शाळेत जात असतील तर कळवा. मिस्टरांची शिफ्ट सकाळची असते त्या आठवड्यात आपण आळीपाळीने पोरांना नेऊ शकतो, माझ्याकडे स्कूटी आहे.